जवळ झोपत नाही, म्हणजे विश्वास नाही?

"सात महिने झाले. भात-मासळी मी घालते, गोचीड मी काढते, आणि झोपायला ती जाते उंबऱ्यापाशी. तेही माझ्याकडे पाठ करून. शेजारचा लॅब्राडोर बघा, चारी पाय वर करून घरच्यांच्या पायाशी घोरत असतो. हिचा माझ्यावर विश्वासच बसला नाही का?"

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मोगरी त्यांची गावठी कुत्री. बाजारात वाढलेली, नसबंदी झालेली, वय अंदाजे दोन वर्षं. खरं दुखणं मात्र अर्ध्या तासाने बाहेर आलं. चार दिवसांपूर्वी मोगरी झोपेत पाय झाडत कण्हत होती. वाईट स्वप्न पडलं असेल म्हणून बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती गुरगुरत उठली आणि दात हाताला लागले. जखम झाली नाही, पण तेव्हापासून बाईंनी तिच्याजवळ बसणंच सोडलं होतं.

आधी त्या हाताबद्दल. झोप लागल्यावर साधारण 15-20 मिनिटांनी कुत्र्याला स्वप्नाची झोप येते. पंजे थरथरतात, मिटल्या पापण्यांखाली डोळे फिरतात, श्वास मागेपुढे होतो, बारीक भुंकणंही येतं. अशा वेळी अंगावर अचानक हात पडला तर कोणाचा हात आहे हे कळायच्या आधीच तोंड वळतं. रस्त्यावर वाढलेल्या जनावरात हे जास्त दिसतं, कारण तिथे झोपेत लागलेला धक्का बहुधा लाथेचा किंवा दगडाचा असतो. मोगरी बाईंवर गुरगुरली नव्हती. अजून पुरती जागीच नव्हती ती. स्वप्न पडत असेल तर पडू द्यावं. उठवणं भागच असेल तर सहा-सात फुटांवरून नेहमीच्या आवाजात नाव घ्यावं, डोळे उघडून मान वर होईपर्यंत थांबावं आणि मगच जवळ जावं. घरात लहान मुलं येत असतील तर हा नियम त्यांना पहिल्या दिवशी शिकवावा.

मग बाईंना एक काम दिलं. शाळेची वही घ्यायची आणि सात दिवस नोंद ठेवायची: वेळ, जागा, अंगाची ठेवण, जवळ कोण होतं, कुठला आवाज झाला, त्यावर तिने काय केलं. रात्रीसाठी जुना मोबाईल खुर्चीवर उभा करून चित्रीकरण. निवृत्त शिक्षिकेच्या हातची वही, एकही रकाना रिकामा नव्हता.

मे महिन्याच्या त्या आठवड्यात दुपारी दोन ते चार मोगरी उंबऱ्यापाशी कुशीवर, चारी पाय लांब सोडून झोपलेली होती. बाई पाण्याचा पेला घेऊन दोन हातांवरून गेल्या, तिचा कानही हलला नाही. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला तेव्हा मात्र मान लगेच वर. सगळ्या वहीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती ही नोंद. पोट आणि पाय उघडे टाकून गाढ झोपलेलं जनावर उठून पळायला वेळ घेतं. बाईंच्या पावलांना तिने धोक्याच्या यादीतून केव्हाच काढलं होतं, पोदेराला अजून नाही. कुत्रा किती जवळ झोपतो हे मोजण्यापेक्षा, तुम्ही हालचाल करत असताना तो किती गाढ राहतो ते पाहावं.

पाठ करण्याचंही तसंच. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कुत्रा पाठ करून झोपत नाही, त्याला नजरेत ठेवतो. मोगरीची नजर फाटकाकडे होती. शिवाय उंबऱ्यापाशी लाल कोबा गार आणि पडवीतून वारा. लॅब्राडोरच्या उताण्या झोपेतही विश्वासाइतकाच उकाडा असतो: पोटावर केस विरळ, म्हणून पोट वर केलं की अंग लवकर निवतं. थंडीत तोच कुत्रा नाक शेपटीत खुपसून मुटकुळं करेल. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, मागचे पाय पोटाखाली घेऊन पडलेला कुत्रा मात्र नुसता डुलकी घेतो आहे. नव्या घरात पहिले काही आठवडे बहुतेक झोप अशीच असते.

आणि रात्रीचं चित्रीकरण. एक वाजून गेला की मोगरी उंबऱ्यावरून उठून बाईंच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून झोपायची आणि पहाटे परत जागेवर जायची. बाई तेव्हा झोपेत, त्यांना कळणार कसं!

अंथरूण बदलायला सांगितलं. आधीचं जुनं गोणपाट येण्याजाण्याच्या वाटेत होतं, आणि लहान. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावं, त्यात 20 सेंमी मिळवावेत. मोगरी 75 सेंमी भरली, म्हणून गादी 95 ची. एका बाजूला भिंत, समोर दार दिसेल अशी जागा. पावसाळ्यात कोब्याला ओल सुटते, म्हणून खाली 10-15 सेंमी उंचीची लाकडी चौकट. खोळ आठवड्याला धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायची नाही. ती गादी बाईंच्या खुर्चीपासून दहा फुटांवर. तिथे सलग तीन दिवस कुशीवरची झोप दिसली तरच अर्धा फूट पुढे. पुन्हा हनुवटी पंजांवर आली तर गादी मागच्या जागी. इथे माणसं घाई करतात. गादी एकदम पलंगाशी ओढतात, रात्री खोलीचं दार लावून घेतात, झोपलेल्या कुत्र्याच्या नाकाशी बिस्कीट धरतात. तिन्ही गोष्टींनी तो एवढंच शिकतो की या माणसाजवळ धड झोपता येत नाही.

मांजर पाळणाऱ्यांनाही हेच लागू. पंजे अंगाखाली घेऊन बसलेलं मांजर अर्धं जागं असतं, कूस सोडून लोळलेलं निर्धास्त. जागं असेल तेव्हा त्याच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटावेत आणि उघडावेत. तेही तसंच करू लागलं तर पुष्कळ झालं.

एक गोष्ट बाईंच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून दिली. झोपेतला बदल प्रत्येक वेळी मनाचा नसतो. गाढ, शांत झोपेत छातीचे चढउतार 30 सेकंद मोजून दुप्पट करावेत. कुत्रा-मांजराचा आकडा मिनिटाला 30 च्या वर वारंवार जात असेल, बसून किंवा मान ताणून झोप घेतली जात असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावं. गोचीडताप झालेलं कुत्रं सुस्त पडून राहतं आणि हिरड्या फिक्या पडतात, त्याला 'आता रुळलं' समजू नये. स्वप्नात पाय हलके, थांबून थांबून उडतात आणि हाक मारली की जाग येते. फेफऱ्यात अंग ताठ होतं, हाकेला दाद नसते, कधी लघवी होते. तोंडात हात घालू नये, वेळ मोजावी. पाच मिनिटांपुढे गेलं तर तातडीने दवाखाना.

गणेशचतुर्थीपर्यंत गादी सहा फुटांवर आली होती. मग घर पाहुण्यांनी भरलं, फटाके सुरू झाले आणि मोगरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात हनुवटी टेकून बसली. बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं: तिला बाहेर ओढायचं नाही, गादीची खोळ तेवढी तिथे नेऊन टाकायची, पंखा मोठा लावायचा, पाणी जवळ ठेवायचं. पाहुणे गेल्यावर नवव्या दिवशी वहीत ओळ आली: "दुपारी 2.40. गादीवर, कुशीवर. पोदेर लवकर आला. फक्त कान हलला."