समन्स आलंय, एफआयआर नाही: गलाईवाल्याला अटकपूर्व जामीन मागता येतो का?

ताई, तुमचा भाऊ सिलीगुडीत गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याचं, दुकान चालवतो, सध्या विट्याला घरी आलाय आणि तस्करीच्या सोन्याच्या तपासात त्याला कस्टम कायद्याच्या कलम १०८ खाली चौकशीचं समन्स आलंय. एफआयआर नसताना अटकपूर्व जामीन मागता येतो का, आणि कुठे, हा तुमचा प्रश्न.

मागता येतो. राधिका अगरवाल खटल्यात २७ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी कस्टम आणि जीएसटी दोन्हींसाठी हे स्पष्ट केलं. जीएसटीच्या समन्सवर असा अर्ज चालत नाही, असं त्याआधीचे निकाल म्हणत होते. काही वकील अजून तेच सांगतात, त्यांना हा निकाल दाखवा. अटकपूर्व जामिनाचं कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४३८.

मात्र नुसतं समन्स पुढे करून जामीन मिळत नाही. १०८ खाली साक्षीदारालाही बोलावतात. गलाईवाल्याकडे गिऱ्हाईक येतं, सोनं वितळवून, टंच (शुद्धता) काढून निघून जातं. पुढे ते पकडलं गेलं की आपल्या माणसाचं नाव निघतं. खानापूर-आटपाडीतल्या कितीतरी घरांनी हा घोर सोसलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. अटकेची भीती कशावरून, हे कोर्ट विचारणारच. दुकानावर झडती झाली का, माल जप्त झाला का, कुणाला अटक झाली, त्याने जबाबात काय सांगितलं, हे तारखांसकट अर्जात यायला हवं. सरसकट संरक्षण देऊ नये, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच कस्टमच्या समन्सबाबत सांगितलंय.

मालाची किंमतही काढा, कारण अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यातच लागतो. सोन्याच्या बाबतीत मुख्यतः कस्टम कायद्याच्या कलम १०४ मधल्या दोन मर्यादा बघायच्या: न दाखवता आणलेल्या मालाचा बाजारभाव १ कोटीच्या वर, किंवा चुकवलेलं शुल्क ५० लाखांच्या वर. दहा ग्रॅमला लाखाच्या वर भाव असेल, तर एक किलोची लगडसुद्धा पहिल्या मर्यादेपलीकडे जाते.

तपास बंगालमधला, त्यामुळे मूळ अर्ज तिकडच्याच कोर्टात. पण तिथे लगेच पोचणं शक्य नसेल, तर सांगलीच्या सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टाच्या कोल्हापूर खंडपीठात मर्यादित मुदतीचं संरक्षण मागा. सुप्रीम कोर्टाच्या प्रिया इंदोरिया निकालाने (२०२३) ती वाट मोकळी केली. तपास अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते आणि तिकडे का जाता येत नाही ते पटवावं लागतं. कोल्हापूरचं खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, मुंबईला धावायला नको.

अर्ज केला म्हणून समन्स चुकवू नका, भावाला हे बजावून सांगा. ठरलेल्या दिवशी जमणार नसेल तर आधीच लेखी कळवून तारीख मागायची, पोच ठेवायची. गैरहजेरी जामिनाच्या सुनावणीत हमखास त्याच्यावर उलटवली जाते.

जबाब तर फार जपून. कस्टम अधिकारी पोलीस नसल्याने त्यांच्यापुढे दिलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून येतो, आणि खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा. भावाला माहीत आहे तेवढंच सांगू दे, अंदाज नको. वाचल्याशिवाय सही नको. दमदाटी झालीच, तर बाहेर पडल्याबरोबर लेखी तक्रार करून जबाब मागे घ्यायचा. काही महिन्यांनी मागे घेतला तर कोर्ट फारसं मानत नाही. चौकशीत वकील शेजारी बसत नाही, पण दिसेल इतक्या अंतरावर राहू देण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. ती याच अर्जासोबत मागा.