गाडी एक, ड्रायव्हर तीन : स्पोर्ट्सकार रेसिंगमधल्या करिअरविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, आठव्या वर्षापासून कार्टिंग करतो. सगळे म्हणतात, आता फॉर्म्युला ४ मध्ये, म्हणजे उघड्या चाकांच्या एकआसनी गाड्यांत घाला. त्याला मात्र फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसारख्या, तीन ड्रायव्हर आळीपाळीने एकच गाडी चालवतात अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड आहे. फॉर्म्युलाची पायरी गाळली तर चालेल का?

चालेल. कार्टिंग मात्र सोडू देऊ नका. गाडीचं वजन कुठे सरकतंय हे अंगाला कळणं तिथेच घडतं.

फॉर्म्युला गाड्यांत एखाद-दोन हंगाम काढले तर फायदा होतो, पण स्पोर्ट्सकारची स्वतःची शिडी आहे. आधी जीटी४ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारवरून बनवलेल्या गाड्यांचा वर्ग) किंवा एखाद्या कंपनीची एकाच मॉडेलची कप मालिका, मग त्याहून वेगवान जीटी३, आणि त्यापुढे प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्या. अर्ल बँबरचं उदाहरण घ्या. पोर्शच्या कप मालिकांतून तो वर आला, २०१४ मध्ये पोर्शची सुपरकप मालिका जिंकली आणि पुढच्याच वर्षी निको हुल्केनबर्ग आणि निक टँडी यांच्या जोडीने त्याने ल माँ जिंकलं. हुल्केनबर्ग फॉर्म्युला १ मधून आला होता, बँबर कप गाडीतून. दोघांनी एकच गाडी आळीपाळीने चालवली.

कप मालिकेत सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात, त्यामुळे ड्रायव्हर उघडा पडतो. कंपन्यांचे लोक तिथे नजर ठेवून असतात ते त्यासाठीच.

प्रश्न : मी टीममेटपेक्षा प्रत्येक चाचणीत वेगवान होतो, तरी सीट त्याला मिळाली. हा अन्याय नाही का?

तुमच्या चाचणीत नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण असा एक निर्णय मी जवळून पाहिला आहे, तो सांगतो. जीटी३ गाडी, तिच्या तीन ड्रायव्हरांपैकी दोघे ठरलेले, उरलेल्या एका सीटसाठी दोन तरुण. पहिला नव्या टायरवर तीन दशांश सेकंदांनी पुढे होता. मग इंजिनिअरने दोघांना भरल्या टाकीवर लांब स्टिंट, म्हणजे सलग चालवण्याचा टप्पा दिला. विसाव्या लॅपपर्यंत पहिल्याचे मागचे टायर संपले होते. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगवर दुरुस्त्या चालल्या होत्या आणि लॅप दोन सेकंदांनी मंदावला होता. दुसऱ्याचा लॅपच्या वेळांचा आलेख शेवटपर्यंत जवळजवळ सरळ.

त्यानंतरचं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पहिला म्हणाला, "गाडी मागून सुटतेय, माझ्यासाठी बदला." दुसऱ्याने विचारलं, "बाकीच्या दोघांना काय वाटतंय?" सीट दुसऱ्याला मिळाली, आणि ती योग्यच होती असं माझं ठाम मत आहे.

या खेळात सेटअप, म्हणजे गाडीची जुळणी, तिघांचा मिळून असतो. उंच ड्रायव्हर आणि बुटका ड्रायव्हर यांना एकाच सीटमध्ये बसायचं असतं. बुटका आपला साच्यातला इन्सर्ट, म्हणजे सीटमध्ये बसवायची आपल्या मापाची गादी, सोबत आणतो. पिटमध्ये गाडी थांबली की आतला पट्टे सोडतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी काढतो, बाहेर पडतो. बाहेर पडून चालता होत नाही, वाकून दुसऱ्याचे पट्टे बसवायला मदत करतो. एक बकल अडकलं तर टाकी भरूनही गाडी उभी राहते. चांगल्या टीम हा बदल वर्कशॉपमध्ये शेकडो वेळा घोटवतात. सरावाला कोण कंटाळतो, हेही टीम मॅनेजर पाहत असतो.

तेव्हा पुढच्या चाचणीआधीच इंजिनिअरला सांगा की मला लांब स्टिंट द्या. आणि नंतर दोघांचा डेटा एकावर एक ठेवून बघायला मागा.

प्रश्न : वय चौतीस. स्वतःचा व्यवसाय आहे, ट्रॅकवर हौसेने गाडी चालवतो. उशीर झाला का?

पगारी ड्रायव्हर व्हायला बहुधा हो. ल माँच्या स्टार्टिंग ग्रिडवर उभं राहायला नाही.

एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, ड्रायव्हरांना वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार श्रेणींत बसवते. आधार म्हणजे वय, अनुभव आणि निकाल. २०२४ पासून जागतिक एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्पर्धेत (ल माँ तिचाच भाग आहे) जीटी३ गाड्यांचा एलएमजीटी३ हा वर्ग आला. त्यातल्या प्रत्येक गाडीत एक ब्राँझ ड्रायव्हर असावाच लागतो. म्हणजे तुमच्यासारख्या हौशी माणसाची जागा नियमातच राखलेली आहे. त्याला गाडीत ठरावीक किमान वेळ बसावंही लागतं, त्यामुळे शर्यत पुष्कळदा ब्राँझच्या वेगावर ठरते. क्लब शर्यती, मग जीटी४, आणि पहिल्या दिवसापासून एक चांगला प्रशिक्षक, या क्रमाने जा.

याचीच दुसरी बाजू तरुणांनी नीट समजून घ्यावी. अनेक गाड्यांचा खर्च हौशी ड्रायव्हर उचलतो आणि व्यावसायिकाचं मानधन त्यातूनच निघतं. कंपनीचा थेट करार फार थोड्यांना मिळतो. बाकीच्यांची कमाई अशा हौशी माणसाला शिकवण्यातून आणि त्याच्यासोबत जिंकण्यातून होते. त्यामुळे ब्रेक कुठे सोडायचा हे शांतपणे समजावता येणं हा कमाईचा गुण आहे. वेगवान सिल्व्हरला तर टीम शोधत असतात. खालची श्रेणी टिकावी म्हणून मुद्दाम हळू चालवणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. एफआयए निकाल आणि लॅपच्या वेळा पाहून श्रेणी बदलते, आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या टीमच्या तळावर, नाव एकदा खराब झालं की फोन येणं बंद होतं.

प्रश्न : सिम्युलेटरवर शिकून खरा रेसर होता येतं का?

यान मार्डनबरो झाला. २०११ मध्ये गेम खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडणारी निसानची जीटी अकॅडमी त्याने जिंकली आणि २०१३ मध्ये ल माँला एलएमपी२ या प्रोटोटाइप वर्गात तिसरा आला. पण मधली दोन वर्षं तो खऱ्या ट्रॅकवर घासत होता, हे लोक विसरतात.

सिमवर ट्रॅक पाठ होतो, रहदारीतून वाट काढण्याची सवय लागते. ब्रेकचं पाऊल मात्र खऱ्या गाडीतच तयार होतं. जीटी३ मध्ये चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असतं, तरी नुसता पेडल दाबून धरायचा नसतो. वेग जास्त असताना हवा गाडीला खाली दाबत असते, तेव्हा पूर्ण ताकदीने दाबायचं. वेग उतरतो तसा हा दाब कमी होतो, मग पाऊलही त्याच प्रमाणात सैल करत वळणात शिरायचं. हे मांडीला आणि पाठीला कळावं लागतं.

प्रश्न : रेसिंगसाठी कॉलेज सोडू का?

नको. डेटा वाचता येणारा आणि इंजिनिअरशी नेमकं बोलणारा ड्रायव्हर टीमला हवाच असतो.

प्रश्न : चोवीस तासांच्या शर्यतीत एका माणसाला किती चालवावं लागतं?

ल माँच्या नियमानुसार सलग कोणत्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास नाही, आणि एकूण चौदापेक्षा जास्त नाही. मान, पकड आणि उष्णता सोसण्याची ताकद हवी. त्याहून अवघड म्हणजे पहाटे तीनला उठवल्यावर वीस मिनिटांत रेसिंगच्या वेगात येणं. झोपेचाही सराव करा.

प्रश्न : सत्तावीस वर्षांचा आहे. फॉर्म्युलातली सीट गेली, नवा प्रायोजक नाही. आता संपलं असं वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ब्रेंडन हार्टलीला २०१० मध्ये रेड बुलच्या ज्युनिअर (तरुण फॉर्म्युला ड्रायव्हर घडवणाऱ्या) कार्यक्रमातून बाहेर पडावं लागलं होतं. पुढे त्याने ल माँ तीनदा जिंकलं : २०१७, २०२० आणि २०२२. टॉम क्रिस्टेन्सनला १९९७ मध्ये ऐनवेळी बोलावणं आलं, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. ती त्याची पहिलीच ल माँ शर्यत, आणि ती त्याने जिंकली. नववी जिंकली २०१३ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी.

बोलावणं येईल म्हणून घरी वाट पाहू नका. शर्यतीच्या आठवड्यात पॅडॉकमध्ये जा, जीटी टीमच्या मॅनेजरांना प्रत्यक्ष भेटा, हौशी ड्रायव्हरांना शिकवण्याचं काम मागा. त्यातलाच एखादा पुढच्या हंगामात गाडी उतरवतो आणि जोडीला आपल्या प्रशिक्षकालाच घेतो. हेल्मेट, सूट आणि लायसन्स मात्र गाडीच्या डिकीत तयार ठेवा.