उत्तर: गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ बोअर मारलाय, तक्रार कुठे आणि कशी?

तुमची पोस्ट वाचली. नळयोजनेची विहीर, दीडशे मीटरवर शेजारच्या गटात ५०० फुटांचा बोअर, मार्चमध्येच विहिरीचा तळ उघडा आणि पंचायतीतून सल्ला काय, तर ‘पोलिसांत जा’. आमच्या भागात हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, अर्ज देण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखवा.

पोलिसांचा नाद सोडा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रती तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना. सोबत ग्रामसभेचा ठराव हवा, मासिक सभेचा चालवून घेऊ नका. अर्जात १९९३ च्या जुन्या भूजल कायद्याचं नाव घालू नका. नेटवर फिरणारे बहुतेक नमुने त्याच कायद्यावर आहेत आणि तो रद्द झालाय. आता महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ लागू आहे, १ जून २०१४ पासून. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर नाही, ही अट त्यातही आहे. अंतर सरळ रेषेत मोजायचं. गावनकाशावर दोन्ही गट दाखवून मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश लिहा; बांधावरून वळसे घेत टेप टाकला की दीडशेचे तीनशे होतात आणि समोरच्याला वाद घालायला जागा मिळते.

आता मुख्य अडचण. आमच्याकडे एका कार्यालयाने (नाव घेत नाही, जाणकार ओळखतील) अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवला आणि शेवटी विचारलं काय, तर ‘ही विहीर सार्वजनिक आहे याला पुरावा काय?’ अख्खा गाव पिढ्यान्‌पिढ्या तिचं पाणी पितो, सरकारी निधीतून तिच्यावर पंप बसलाय, तरी सातबाऱ्यावर ती जागा अजून देणाऱ्याच्याच नावे! तोंडी दान, फार तर स्टॅम्पपेपरवर संमती, फेरफार झालेलाच नाही. निम्म्या गावांची हीच गत असेल. तो उन्हाळा कागद जमवण्यातच गेला आणि बोअर चालूच राहिला. हा प्रश्न पहिल्याच दिवशी कळवायला त्या साहेबांचं काय जात होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

तेव्हा हे कागद आधीच जोडा: पंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीचा उतारा, योजनेचा पूर्णत्वाचा दाखला, पाणी तपासणी प्रयोगशाळेचे जुने अहवाल (त्यावर स्रोताचं नाव असतं) आणि विहिरीवरच्या पंपाची वीजबिलं. बिलांना कुणी विचारत नाही, पण सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा ग्राहक प्रवर्ग आणि तारखा त्यांवर छापलेल्या असतात, तेव्हा वापर सलग आहे हे आपोआप सिद्ध होतं. दाखला मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. बक्षीसपत्र आणि फेरफाराचं कामही लगेच सुरू करा, पण अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.

दुसरा पुरावा पाणीपातळीचा, आणि तो तुम्हालाच तयार करावा लागेल. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने खूण करा, सगळी मापं तिथूनच. टेपच्या टोकाला वजन बांधा. बोअरवाला शेजारी त्याचा पंप बंद ठेवून चाचणी देणार नाही, त्याची गरजही नाही. शेतीच्या फीडरचं (शेतीपंपांच्या वीजवाहिनीचं) वेळापत्रक मिळवा. गावचा पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवा (टाकी भरून घ्या, नाहीतर बायाबापड्या तुम्हालाच शिव्या देतील), फीडर सुरू होण्याआधी एक माप, मग चार तास दर अर्ध्या तासाला, आणि वीज गेल्यावर पुन्हा तसंच. वीज आली की पातळी उतरते आणि गेली की चढते, असं तीन-चार दिवस दिसलं तर भूवैज्ञानिकाला बोलायला आधार मिळतो. मात्र त्याच फीडरवरच्या बाकीच्या विहिरीही तेव्हाच चालू असतात, आणि हा प्रश्न तो विचारणारच. म्हणून आसपासच्या प्रत्येक पंपाची अश्वशक्ती आणि अंतर लिहून ठेवा. बोअर सोलर पंपावर असेल तर फीडर विसरा, मापं उन्हाच्या वेळेनुसार घ्या.

५०० फूट खोल बोअर उथळ विहीर कसा आटवतो, असं समोरचा विचारेल. आपल्या काळ्या पाषाणात केसिंग (बोअरच्या भोकात बसवायचा पाइप) बहुधा मुरमापुरतं, २०-४० फूट टाकतात. खाली भोक उघडंच. वरच्या भेगाळ थराचं, म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी त्या भोकात कोसळत राहतं. पंप बंद असताना तोंडाशी कान लावा, धो धो आवाज येतो. पंचनाम्यात केसिंगची लांबी लिहून घ्या, नुसतं ‘बोअर आढळला’ नको. आणि खोली मीटरमध्ये लिहा. अधिसूचित (भूजल कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या) पाणलोटात ६० मीटरच्या पुढे शेतीसाठी बोअर मारायला मनाई आहे. तुमचं पाणलोट अधिसूचित आहे का, ते भूवैज्ञानिकाकडून लेखी घ्या.

‘माझ्या जमिनीतलं पाणी माझं’ हा युक्तिवाद येईलच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात त्याला थोडा आधार आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. पण ५०० मीटरची अट नेमकी त्या हक्काला मर्यादा घालते. आणखी एक मुद्दा: बोअर मारण्याआधी किमान १५ दिवस लेखी सूचना द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश आहेत. ते लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहेत, पण सूचना दिली नव्हती हे पंचायतीच्या आवक नोंदवहीतून दाखवता येतं. रिगमालकाची (बोअर मारणाऱ्या यंत्राच्या मालकाची) नोंदणी आहे का, हेही विचारा.

माझं मत, पटलं तर घ्या: बोअर बुजवाच, असा हट्ट धरू नका. प्रकरण लांबतं आणि गावात दोन तट पडतात. वरच्या थराखालपर्यंत केसिंग उतरवून बाहेरची फट सिमेंटने बंद करायची आणि फेब्रुवारी ते जून बोअर ठरलेल्या तासांतच चालवायचा, एवढं तहसीलदारांसमोर लेखी झालं तरी विहीर बऱ्यापैकी सावरू शकते. खर्च कुणी करायचा, यावर मात्र भांडण होईल. आमच्याकडे अजून चालू आहे.