बेल वाजली की धुमाकूळ

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर २ वर्षांचा आहे, वजन ३२ किलो. कोणी आलं की पुढचे दोन्ही पाय थेट त्यांच्या छातीवर! आम्ही ओरडतो, ढकलतो, कोणीतरी सांगितलं म्हणून गुडघाही पुढे करून पाहिला. चावत नाही, सगळं प्रेमानेच चालतं, पण वयस्कर मंडळी आता घरी यायला कचरतात.

उत्तर : तुम्ही जे जे करताय, ते त्याच्या लेखी बक्षीसच आहे. उडी मारली की माणूस बघतो, बोलतो, हात लावतो. ढकलणं तर त्याला मस्तीचं आमंत्रण वाटतं. त्यात एखादा पाहुणा 'असू द्या हो, मला कुत्री आवडतात' म्हणत त्याला कुरवाळतोच. असं अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय फार चिवट करतं. गुडघा मात्र आजपासून बंद. छातीला इजा होऊ शकते, आणि पाहुणे आले की दुखतं हा नको तो धडा त्याला मिळतो.

'उडी मारू नको' म्हटल्यावर नेमकं काय करायचं हे कुत्र्याला कळत नाही. त्या वेळेसाठी त्याला दुसरं काम द्यावं लागतं. दारापासून अडीच-तीन मीटरवर त्याची जागा ठरवा. तिथून दार दिसावं, पण तो येणाऱ्याच्या वाटेत नसावा. पाय पसरून मावेल एवढी, फरशीवर न घसरणारी सतरंजी घाला. खाऊ मऊ आणि वाटाण्याएवढा हवा. उकडलेल्या चिकनचे तुकडे उत्तम. कडक बिस्किट फोडण्यात वेळ जातो आणि सरावाची लय तुटते.

पहिले ३-४ दिवस बेल नाही, पाहुणे नाहीत. त्याने सतरंजीवर पाय ठेवला की खाऊ त्याच्या पुढच्या दोन पंजांच्या मधोमध, सतरंजीवरच ठेवा. हातातून भरवलंत तर तो हाताच्या मागे उठून येईल. पुढचा तुकडा लांब फेकून त्याला उठवा, परत आला की पुन्हा सतरंजीवर. एका वेळी ३-५ मिनिटं, १०-१५ आवर्तनं, दिवसातून दोनदा. दोनेक दिवसांत तो आपणहून बसायला लागतो. मग नुसतं पाय ठेवण्याचं बक्षीस थांबवून बसण्याचं, पुढे आडवं होण्याचं द्या. 'जागेवर' हा शब्द एवढं झाल्यावर जोडा. बहुतेक घरांत शब्द पहिल्या दिवसापासून ओरडला जातो आणि आठवड्याभरात तो पंख्याच्या आवाजाइतका निरर्थक होतो.

मग दाराची पाळी. तुम्ही दाराकडे एक पाऊल टाका, परत या, खाऊ ठेवा. दोन पावलं. कडीला हात. कडी काढणं. दार चार बोटं उघडणं. बाहेर जाऊन आत येणं. एक पायरी १० पैकी ८ वेळा जमली की पुढची घ्या. तो उठला तर रागावू नका, पायरी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. दार लावा आणि एक पायरी मागे या.

बेलचा सराव वेगळा करा. आपल्याच बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. कान टवकारेल पण भुंकणार नाही, इतका बारीक ठेवून वाजवा आणि मग सतरंजीवर खाऊ. क्रम मात्र सांभाळा : आधी बेल, मग खाऊ. पुष्कळ लोक खाऊच्या डब्याचं झाकण उघडतात आणि नंतर बेल वाजवतात. कुत्रा झाकणाकडे बघत बसतो, बेलशी त्याला काही देणंघेणंच उरत नाही. आवाज दर एक-दोन दिवसांनी थोडाथोडाच वाढवा.

खरा पाहुणा सुरुवातीला सांगून येणारा, थांब म्हटल्यावर थांबणारा निवडा. तो यायच्या आधी कुत्र्याला अर्धा तास मनसोक्त हुंगत फिरवून आणा. घरात हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि २ मीटरची दोरी असू द्या. दोरीवर पाय ठेवून उभे राहा : चारही पंजे जमिनीवर असताना ती सैल, उडीच्या प्रयत्नात मात्र अडणारी. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावली तर प्रत्येक उडीला मानेला हिसका बसतो, म्हणून हार्नेस. पाहुण्याने बघायचं नाही, बोलायचं नाही, हात खाली. कुत्रा निवला की जागेवरून सोडा. पाहुण्याने बाजूने उभं राहून त्याच्या छातीवर तीनेक सेकंद खाजवावं आणि हात काढून घ्यावा. पंजा उचलला की पाहुण्याने पाठ फिरवायची.

मधे एखादा आठवडा उड्या वाढल्यासारख्या वाटतील. आजवर चालणारी युक्ती चालेना, म्हणून तो जोर लावतो. नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी वैतागून ओरडतं आणि मेहनत वाया जाते.

प्रश्न : आम्ही दत्तक घेतलेली ३ वर्षांची कुत्री पाहुण्यांवर भुंकते आणि भुंकताना मागे मागे सरकते. परवा पाहुणे निघायला उठले, तर तिने मागून येऊन पँट पकडली. 'पाहुण्यांनाच हाताने खाऊ भरवायला सांगा, दोस्ती होईल' असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : हा सल्ला पाळू नका. ती घाबरलेली आहे. हातातला खाऊ दिसला की अशी कुत्री मान लांबवते, मागचे पाय मात्र होते तिथेच रोवलेले असतात. तुकडा तोंडात पडतो आणि मग तिच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या फार जवळ आलोय. त्या क्षणी पाहुणा हलला की चावा.

त्याऐवजी पाहुण्याने बसल्या जागेवरून, तिच्याकडे न बघता, खाऊ तिच्या मागे फेकावा. खाऊ मिळतो आणि माणसापासून अंतरही. आपणहून जवळ आली तरी हात लावायचा नाही, पुढचा तुकडाही तिच्या मागेच.

पाहुण्यांचं उठणं हा तिच्यासाठी सर्वांत अवघड क्षण आहे. इतका वेळ स्थिर असलेला माणूस अचानक उंच होतो, आणि तो पाठमोरा झाल्यावर तिला धीर येतो. म्हणून पाहुण्यांना सांगून ठेवा : उठण्याआधी बोला. आधी तिला आतल्या खोलीत न्या, दार लावा, मग त्यांनी उठावं. तोवर ती दोरीवर किंवा लहान मुलांसाठी लावतात तशा आडव्या फाटकापलीकडे असावी. लहान मुलं येणार असतील तर ती दुसऱ्या खोलीतच बरी.

भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग ताठ करून स्तब्ध होणं, ही तिची आधीची भाषा. ती दिसली की अंतर वाढवा. गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं दाबलं की भीती आहे तिथेच राहते, फक्त इशारा न देता दात लागतात.

वागण्यातला बदल अलीकडचा असेल तर आधी पशुवैद्यांकडे जा. कान, दात किंवा सांध्यांच्या दुखण्यानेही कुत्री चिडचिडी होतात. पँट पकडण्यापर्यंत गोष्ट गेली आहे, तेव्हा मार न देता शिकवणाऱ्या जाणत्या प्रशिक्षकाची मदत घ्या. तोंडाला जाळीची टोपली घालायची वेळ आली तर ती धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी मोकळी घ्या, आणि आतून खाऊ भरवत आठवडाभरात हळूहळू सवय लावा.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू पाहुणे वाकले की जागेवरच शू करतं. शिकलं नाही का?

उत्तर : ही शू शिस्तीतली नव्हे. वाकलेला मोठा माणूस पाहून दबून किंवा आनंद अनावर होऊन होते, त्याच्या ताब्यात नसते. रागावलात तर वाढेल. पहिली भेट घराबाहेर होऊ द्या. पाहुण्याने पाच मिनिटं दुर्लक्ष करावं, मग बाजूला तोंड करून खाली बसावं, डोक्यावर हात आणू नये. फरशी न बोलता पुसा. बहुतेक पिल्लं मोठी होताना यातून बाहेर पडतात. पण एरवीही थेंब थेंब गळत असेल किंवा वारंवार शू होत असेल, तर लघवी तपासून घ्या.

प्रश्न : पाहुणे असताना कुत्र्याला खोलीत ठेवणं क्रूरपणा आहे का?

उत्तर : नाही. बेल वाजल्यावर फरफटत नेऊन कोंडलं तर मात्र ती शिक्षा होते. पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी पाणी, अंथरूण आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा, पंखा किंवा रेडिओ लावा म्हणजे बाहेरचे आवाज बोथट होतील. पाहुणे नसतानाही आठवड्यातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं याच खोलीत असंच ठेवत जा, नाहीतर ती खोली म्हणजे पाहुणे, हे त्याच्या लगेच लक्षात येतं.