तंतूंची जाडी : कोणता आकडा धरायचा?

प्रश्न : एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलानिनचा (दोन अमिनो आम्लांचे पेप्टाइड) डीएमएसओ या द्रावकातला साठा पाण्यात मिसळून मी जेल बनवतो (शेवटी ५ मिग्रॅ/मिली). टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) तंतू १५ ते २५ नॅनोमीटर जाड दिसतात, एसएएक्सएसमधून (लहान कोनातल्या क्ष-किरण प्रकीर्णनातून) त्रिज्या ३ नॅनोमीटर येते. एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १६३० आणि १६९० सेंमी⁻¹ला शिखरे आहेत. प्रतिसमांतर बीटा-शीट (शेजारच्या साखळ्या उलट दिशांनी मांडलेली रचना) असे लिहू का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : एवढ्यावरून लिहू नका. एफमॉक गट पेप्टाइडला कार्बामेट बंधाने जोडलेला असतो आणि त्या बंधाचा कार्बोनिलही १६९०च्या आसपासच शोषण करतो. हे शिखर प्रतिसमांतर रचनेच्या खात्यावर टाकण्याची चूक छापील निबंधांतही सापडते. खात्री हवी असेल तर अमाइड कार्बोनिलवर कार्बन-१३ घातलेले पेप्टाइड घ्या. १६३०चे शिखर सुमारे ४० सेंमी⁻¹ खाली सरकले आणि १६९०चे जागीच राहिले, तर ते कार्बामेटचे.

साध्या पाण्याचे शोषण १६४०च्या आसपास, म्हणजे नेमके अमाइड-१ पट्ट्यावर (अमाइड कार्बोनिलच्या शोषणावर) येते. म्हणून जेल जड पाण्यात बनवा. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्यांमध्ये ५० मायक्रोमीटरचा स्पेसर ठेवा आणि मिश्रण घट्ट होण्याआधीच आत भरा; तयार जेल दाबून बसवले की तंतू एका दिशेला झुकतात. कोऱ्या (पेप्टाइड नसलेल्या) नमुन्यात डीएमएसओ तितकाच हवा. एफमॉक नसलेल्या, विकत आणलेल्या पेप्टाइडांत १६७३चे शिखर दिसले, तर आधी पेप्टाइड बनवताना वापरून उरलेल्या ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटवर संशय घ्या.

आता जाडी. त्रिज्या ३ म्हणजे व्यास ६. तुलना व्यासाशी करा. उरलेला फरक बहुधा वाळवण्याचा आहे : ग्रिडवर (टीईएमच्या नमुना-जाळीवर) पाणी उडताना तंतू चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. युरेनिल अ‍ॅसिटेट (टीईएमचे रंजक) आम्लधर्मी असल्याने टोकाच्या कार्बॉक्सिलचा प्रभारही बदलतो, आणि फॉस्फेट बफर असेल तर साका बसतो. जेल पातळ करून ग्रिडवर टाकू नका, त्याने तंतू सुटू शकतात. ग्रिड जेलच्या पृष्ठभागाला अलगद टेकवा, जास्तीचे पाणी गाळणकागदाने टिपा. क्रायो-टीईएम (नमुना न वाळवता गोठवून पाहणे) मिळाले तर तेच करा. एसएएक्सएसची जुळणीही प्रतिमानावर अवलंबून असते. लहान q कडे (q ही प्रकीर्णनाच्या कोनाबरोबर वाढणारी राशी) लॉग-लॉग आलेखात तीव्रतेचा उतार उणे १च्या जवळ नसेल, तर साधा दंडगोल बसवून काढलेली त्रिज्या धरू नका. उतार जास्त तीव्र असला तर तंतूंच्या जुड्या खऱ्याच असू शकतात.

सगळी मापने एकाच वयाच्या जेलवर घ्या. मिसळताच गढूळ दिसणारे हे जेल पुढे निवळते. पाच मिनिटांचा टीईएम नमुना दुसऱ्या दिवशीच्या एसएएक्सएसशी जुळणारच नाही.