पांढऱ्यावर गुलाबी झाक कुठून येते?

लॅपटॉपच्या पडद्याचे रंग एका बाजूला वेगळे दिसतात, या तक्रारीची पत्रं इतकी साठली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. पॅनेल बदलणं आणि पडद्याचे रंग मोजणं हे माझं रोजचं काम आहे. एरवी पत्रांना मी थोडक्यात उत्तरं देते. पहिल्या पत्राला मात्र तसं उत्तर देणं योग्य होणार नाही.

प्रश्न : मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. नवीन लॅपटॉप घेतला आहे. कोरं पान उघडलं की डावी बाजू गुलाबीसर आणि उजवी हिरवट वाटते. घरात ते कुणालाच दिसत नाही. सेवा केंद्रात "पडदा ठीक आहे, सवय होईल" असं सांगितलं. आता मलाच शंका येते, माझ्या डोळ्यांत तर काही दोष नाही ना?

तुमचे डोळे उत्तम आहेत. हे आधी सांगते, कारण अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी "तुम्हाला भास होतोय" असं ऐकवलेलं असतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

लॅपटॉपच्या कोपऱ्यांतला उजेड मधल्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तुमच्याही पडद्यावर ते असेल, पण तुम्ही त्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. सावकाश उतरत जाणारा उजेड डोळ्याला सहसा जाणवत नाही. रंगाचं तसं नाही. दृष्टीच्या अभ्यासक कॅथी मलन यांनी १९८५ साली माणसाची रंगदृष्टी मोजली, तेव्हा हाच फरक पुढे आला होता. उजेड-अंधाराचे पट्टे फार रुंद झाले की डोळा ते ओळखायला चाचपडतो, पण लाल-हिरव्या किंवा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बाबतीत रुंदी वाढली तरी तशी घसरण होत नाही. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली फिकट झाक तुम्हाला खुपते ती म्हणूनच.

मग घरच्यांना का दिसत नाही? ते अक्षरं वाचतात, तुम्ही अक्षरांमागचा कागद बघता. शिवाय गुलाबी-हिरवा हा फरक नेमका असा आहे, की लाल-हिरव्याची जाण कमी असलेल्या माणसाला तो सहज दिसणार नाही, आणि हे प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त आहे.

आता खात्री करून घ्या. रात्रीचा पिवळसर प्रकाश, खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सोय, आपोआप बदलणारी ब्राइटनेस, हे सगळं आधी बंद करा. या सोयी संपूर्ण पडदा सारखाच रंगवतात, त्यामुळे एकाच बाजूची झाक त्यांच्यामुळे येत नाही, पण तपासणीत गोंधळ घालतात. लॅपटॉप अर्धा तास चालू राहू द्या. मग लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे १२८ ठेवून तयार केलेला सपाट करडा रंग पडदाभर लावा. पांढऱ्यावर डोळा दिपतो; करड्यावर झाक लपत नाही. खोलीतले दिवे मालवा. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला दिवा असेल, तर मॅट पडद्यावर त्या दोन उजेडांचीच दोन रंगांची साय धरते.

यानंतरची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. लॅपटॉप उलटा फिरवा, म्हणजे पडद्याची वरची कड खाली येईल आणि तुम्ही समोरूनच बघाल. आधी डावीकडे असलेला गुलाबीपणा आता उजवीकडे गेला, तर तो पॅनेलला चिकटलेला आहे. तो तुमच्या डावीकडेच राहिला, तर खोलीतला उजेड किंवा तुमची बसण्याची जागा तपासा. त्यानंतर लॅपटॉप सरळ करून डोकं बाजूला न्या, नाक डाव्या कडेसमोर येईल इतकं. साडेपंधरा इंची पडदा सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद असतो. पन्नास सेंटिमीटरवरून मध्यावर बसून बघितलं, तर दोन्ही कडा तुम्ही १९ अंशांच्या तिरक्या नजरेने बघत असता. काही पॅनेलांचा रंग तेवढ्यानेही सरकतो. डोकं नेल्याबरोबर त्या कडेची झाक नाहीशी झाली, तर तो नजरेच्या कोनाचा परिणाम. जरा लांब बसून काम केल्यास तो कमी होतो. डोकं कुठेही नेलं तरी झाक तिथेच, तर तो पॅनेलचाच दोष.

तो येतो कुठून? पडद्यामागे पांढऱ्या एलईडींची एक पट्टी असते, लॅपटॉपात बहुधा खालच्या कडेला. हे एलईडी मुळात निळे असतात. वर लावलेल्या फॉस्फरच्या लेपामुळे त्यातला काही निळा प्रकाश पिवळा होतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. लेप जरा जाड-पातळ झाला की पांढऱ्याचा रंग बदलतो, म्हणून कारखान्यात एलईडी रंगानुसार निवडून वेगवेगळ्या गटांत टाकतात. गट ढिलाईने पाडले किंवा मिसळले, की पट्टीतच दोन रंगांचे पांढरे आले. हा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीतून पडदाभर पसरतो. प्लास्टिकमधून लांब जाताना निळा प्रकाश थोडा जास्त गळतो, त्यामुळे पट्टीपासून दूरचा भाग पिवळट होऊ शकतो. तुमच्या पडद्यावर वर-खाली फरक असता, तर माझा पहिला संशय या पाटीवर गेला असता.

डावी-उजवी झाक असेल तेव्हा मी एलईडींच्या बरोबरीने काचांकडेही बघते. द्रवस्फटिकाचा थर ज्या दोन काचांमध्ये असतो, त्यांच्यातलं अंतर तीन-चार मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. हे अंतर पडद्याच्या एका टोकाला किंचित बदललं, की लाल, हिरवा, निळा हे तीन प्रकाश तिथून सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. पांढऱ्या उजेडातून लाल, हिरवा, निळा वेगळा करणारा रंगगाळणीचा थर कमी-जास्त झाला तरी तेच. यातलं काहीही घरी दुरुस्त होत नाही आणि सेवा केंद्रातही नाही. पॅनेलच बदलावं लागतं.

"सवय होईल" हे खरंच होतं, आणि मला भीती त्याचीच वाटते. डोळा हिरवट कागदाला पांढरा मानू लागतो, हात नकळत त्यावर थोडा जास्त गुलाबी ओततो, आणि छापून आल्यावर चेहरे तापल्यासारखे दिसतात. परत करण्याची मुदत संपली नसेल, तर आजच परत करा. रंगावर पोट असलेल्या माणसाने हा पडदा ठेवू नये.

प्रश्न : रंग मोजण्याचं यंत्र विकत घेऊन कॅलिब्रेशन केलं, तर एका बाजूची झाक जाईल का?

नाही. यंत्र पडद्याच्या मध्यावर टेकवून मोजतात आणि त्यातून तयार होणारी रंगाची प्रोफाइल संपूर्ण पडद्याला एकच दुरुस्ती लावते. मध्य ६५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्यावर नीट आला, तरी डाव्या-उजव्यातलं अंतर होतं तेवढंच उरतं. डावीकडचा गुलाबीपणा काढायला हिरवा वाढवलात, तर उजवीकडचा हिरवटपणा आणखी भडक होईल.

पडद्याच्या प्रत्येक भागाला वेगळी दुरुस्ती देणारे मॉनिटर आहेत. आयझोच्या व्यावसायिक मॉनिटरांत 'डिजिटल युनिफॉर्मिटी इक्वलायझर' असतो, तो हेच करतो. जास्त उजळ भाग मंद करून सगळं एका पातळीवर आणायचं असल्यामुळे थोडा उजेड त्यात खर्ची पडतो. लॅपटॉपच्या पॅनेलांत ही सोय सहसा नसते.

यंत्राचा उपयोग दुसराच आहे. डिस्प्लेकॅल या मोफत प्रोग्राममध्ये पडद्याचे चौकोन पाडून प्रत्येक ठिकाणी मोजता येतं, आणि वादाच्या जागी आकडे येतात. दोन रंगांतला फरक 'डेल्टा ई' या आकड्यात सांगतात. शेजारी-शेजारी ठेवलेल्या रंगांत तो १ च्या आसपास असेल, तर फरक जेमतेम कळतो. उजेडातला फरक वगळून निव्वळ रंगातला फरक मध्यापासून कडेपर्यंत ४ च्या वर गेला, तर त्या पडद्यावर मी फोटोचं काम करू देत नाही. हा माझा स्वतःचा दंडक आहे, कुठल्या नियमावलीतला नाही. फक्त लेखन आणि हिशेब करणाऱ्याला ४ वर काही अडणार नाही.

प्रश्न : लॅपटॉप जुना आहे. आधी पडदा चांगला होता. आता खालच्या बाजूला मध्यावर पिवळट डाग आलाय आणि रोज गच्च भरलेल्या बॅगेतून ये-जा असते. कापडाने दाबून चोळल्यास डाग पसरून जाईल, असं कुणीतरी सुचवलं. करू का?

अजिबात करू नका. दाबामुळेच झालेल्या डागावर पुन्हा दाब द्यायचा, हा उपाय होऊच शकत नाही. बॅगेत झाकणावर भार आला की काचा आणि त्यांच्या मागचे उजेड पसरवणारे पातळ पापुद्रे दबतात. पापुद्रा सरकला किंवा त्यावर वळ उठला, की डाग कायमचा. काचांवरचा ताण असेल, तर दाब थांबल्यावर काही दिवसांत डाग फिका पडलेला मी पाहिला आहे. म्हणून आधी बॅग बदला आणि वाट बघा. कॅमेऱ्यावर चिकटवलेलं जाड झाकण असेल, तर तेही काढा. ॲपलने २०२० साली मॅकबुकच्या ग्राहकांना असं झाकण लावून लॅपटॉप बंद करू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं, कारण पडदा आणि खालचा भाग यांच्यामधली फट अगदी थोडी असते.

डाग खालच्या बाजूला मध्यावर आहे, हे वाचून मला वेगळी काळजी वाटते आहे. लॅपटॉप बंद करून एका सपाट टेबलावर ठेवा. झाकण पूर्वीसारखं नीट बसतं का? टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का? क्लिक करताना अडतो का? यांपैकी काहीही असेल, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. फुगलेली बॅटरी टचपॅड आणि कीबोर्ड वर ढकलते आणि झाकण बंद केलं की ते पडद्यात रुततात. तसं असेल, तर चार्जर काढा, लॅपटॉप वापरणं लगेच थांबवा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. टोकदार काहीही लावू नका, फुगवटा दाबू नका. ती पेट घेऊ शकते, तेव्हा पडद्याचं नंतर बघू.

प्रश्न : झाकेचा फोटो काढून कंपनीला पाठवला, तर फोटोत काहीच दिसत नाही, कधी कधी उलट भलतंच भडक दिसतं. पुरावा द्यायचा कसा?

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोला स्वतःच पांढरं ठरवतो, म्हणून असं होतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर एका जागी बांधून टाका. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर तोच १२८ चा करडा लावून, दीड-दोन मीटर मागे जाऊन झूमने पूर्ण पडदा चौकटीसह घ्या; जवळून काढलेल्या फोटोत कडा तिरक्या येतात आणि समोरचा माणूस "हा कोनाचा दोष" म्हणून मोकळा होतो. दुसरा फोटो लॅपटॉप उलटा फिरवून, बाकी काहीही न बदलता. झाक पॅनेलबरोबर फिरलेली दोन फोटोंत दिसली, की बोलणं संपतं. फोटोचे रंग नंतर वाढवू नका. वाढवलेला फोटो ओळखू येतो आणि मग तुमची खरी तक्रारही खोटी ठरते.

स्क्रीनशॉट मात्र पाठवू नका. त्यात संगणकाने पडद्याला काय पाठवलं एवढंच उतरतं, पॅनेलने काय दाखवलं ते नाही.

पत्रात 'मुरा' हा शब्द वापरा, पॅनेल बनवणारे अशा असमानपणाला तेच म्हणतात. "पिक्सेल नियमात बसतात" असं उत्तर आलं, तर शांतपणे कळवा की आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकातले पिक्सेल-दोषांचे वर्ग बंद पडलेले किंवा सतत पेटलेले पिक्सेल आणि उपपिक्सेल दर दहा लाखांमागे मोजतात. तुमची तक्रार पिक्सेलांची नाहीच. एक सावधगिरी : एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांची पॅनेलं असू शकतात. बदलून आलेला पडदा हाती पडला, की त्याच दिवशी त्याचीही करड्यावर तपासणी करा.

प्रश्न : ओलेड पडदा आहे. दिवसा सुंदर दिसतो, पण रात्री ब्राइटनेस कमी करून गडद पानावर काम करताना गुलाबी आणि हिरवट पट्टे दिसतात.

ओलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि त्याला किती वीज मिळेल ते त्याच्यामागचा ट्रान्झिस्टर ठरवतो. हे ट्रान्झिस्टर एकमेकांपासून किंचित वेगळे असतात. भरपूर वीज वाहत असताना तो फरक जाणवत नाही. अगदी कमी विजेवर तोच मोठा होतो, आणि गडद करड्यावर झाक उठते. कारखान्यात त्याची भरपाई करतात, तरी थोडं उरतं. नेहमीच्या ब्राइटनेसवर दिसत नसेल, तर मी हा पडदा ठेवीन. पूर्ण काळी पार्श्वभूमी लावून बघा, काळ्यावर पिक्सेल बंदच असल्यामुळे पट्टे जातात.

प्रश्न : परत करण्याची मुदत गेली आहे, दुसरा लॅपटॉप शक्य नाही. याच पडद्यावर फोटो दुरुस्त करायचे आहेत. कसं निभवावं?

करड्यावर बघून पडद्याचा सगळ्यांत स्वच्छ भाग शोधा, बहुधा तो मध्याच्या आसपास असतो. फोटो नेहमी तिथेच ठेवा आणि हत्यारांच्या पट्ट्या, फाइलींच्या याद्या वगैरे झाक मारणाऱ्या बाजूला सरकवा. फोटो पडदाभर पसरवून रंगाचा निर्णय घेऊ नका. दोन फोटो डावी-उजवीकडे ठेवून तर त्यांची तुलना कधीच नको. आळीपाळीने एकाच जागी आणा. शंका आली की फोटो उलटा फिरवा. झाक फोटोबरोबर फिरली नाही, तर ती फोटोत नाही.

पांढऱ्या-करड्या गोष्टींसाठी डोळ्यावर विसंबू नका. रंग उचलण्याचं ड्रॉपर सदऱ्याच्या कॉलरवर, भिंतीवर, कागदावर टेकवा आणि तिन्ही आकडे वाचा. ते जवळजवळ सारखे आले, तर तो भाग करडाच आहे, पडदा काहीही दाखवो. लाल आणि निळा दोन्ही हिरव्यापेक्षा पाच-सहाने वर असतील, तर गुलाबीपणा फोटोतच आहे आणि तो काढायला हवा. छापायला देण्याआधी एक नमुना प्रत मागवा आणि ती दिवसाच्या उजेडात बघा.