ट्रिप्सिननं कुंपणच खाल्लं

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) ओळखणारा बायोसेन्सर करतोय. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर पेप्टाइड (प्रोटीनसारखीच, पण छोटी साखळी) बसवतो, उरलेली जागा बीएसएनं (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ब्लॉक करतो, मग इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) मोजतो; ट्रिप्सिननं पेप्टाइड कापलं की तो बदलायला हवा. पण पेप्टाइड न लावता नुसतं बीएसए असलेल्या इलेक्ट्रोडवर ट्रिप्सिन टाकलं तरी सिग्नल जवळपास तेवढाच हलतो. सर म्हणतात कार्बन घे, मित्र म्हणतो काच घे. सोनं परवडतही नाहीये. काय करू?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : सोन्याच्या नावानं कशाला बोटं मोडताय, घोळ बीएसएचा आहे! बीएसए म्हणजे प्रोटीन, आणि ट्रिप्सिनचा धंदाच प्रोटीन कापायचा, लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो ॲसिडं दिसली की त्याच्या पुढे कात्री, आणि बीएसएमध्ये लायसिन भरपूर. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतो ना आपण, इथं चोरानं कुंपण खाल्लंय. अँटीबॉडीच्या सेन्सरला बीएसए मस्त चालतं, तीच रेसिपी सगळे इकडे उचलतात. केसीन, जिलेटिनचंही तेच होणार.

त्यापेक्षा पेप्टाइडनंतर मर्कॅप्टोहेक्झॅनॉल नाहीतर पेग-थायॉल लावा (दोन्ही थायॉल, म्हणजे टोकाला सल्फर असलेले, प्रोटीन नसलेले रेणू), सल्फरनं सोन्याला धरतं आणि ट्रिप्सिनला कापायला काही मिळत नाही. फक्त दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल (निगेटिव्ह चार्ज घेणारा ॲसिड गट) असलेलं पेग घेऊ नका, कारण पीएच ८ ला ट्रिप्सिन पॉझिटिव्ह असतं, निगेटिव्ह पृष्ठभागावर जाऊन चिकटतं. काचेचंही तेच दुखणं, शिवाय नुसत्या काचेतून करंट जात नाही मग इम्पीडन्स कसला मोजणार, आणि जुलैमधल्या पुण्याच्या दमट हवेत सिलेन (काचेवर रेणू जोडायचं रसायन) लावायचं म्हणजे थर गुठळ्या-गुठळ्यांचा होतो (अनुभवाचे बोल आहेत हे). कार्बन स्वस्त, खरंय, पण थायॉल त्यावर सोन्यासारखं बसत नाही, डायझोनियम वगैरे (कार्बनवर रेणू जोडायची पद्धत) सगळी केमिस्ट्री नव्यानं जमवावी लागेल. सबमिशन जवळ असेल तर नकोच.

अजून एक, पेप्टाइड दाटीवाटीनं बसवू नका. जास्त लावलं की जास्त सिग्नल असं वाटतं, पण ट्रिप्सिन हे पेप्टाइडपेक्षा कितीतरी मोठं, गर्दीत त्याला शिरताच येत नाही. मी तर आधी पेप्टाइड कमी करून बघेन, आणि पेप्टाइड सोन्यापासून थोडं लांब राहील असा स्पेसर (मधला जोडतुकडा) घेईन.

मग एका इलेक्ट्रोडवर सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिनचं कापणं थांबवणारं प्रोटीन) मिसळलेलं ट्रिप्सिन टाका. तरीही सिग्नल हलला तर ते कापणं नाही, नुसतं चिकटणं.

पैशाचं म्हणाल तर सोन्याचा एकच डिस्क इलेक्ट्रोड घ्या, अल्युमिनानं घासून पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सायकल केला (व्होल्टेज पुन्हा पुन्हा वरखाली फिरवलं) की परत वापरता येतो.